मागली पंगत आणि मधुमेह

मराठी घरांतील जेवणाची रीत पूर्वींच्या मानानें पुष्कळ पालटली आहे. पाट जाऊन टेबलें आलीं, पत्रावळी लग्नकार्यापुरत्या उरल्या, चुलीच्या जागीं गॅस आला. तथापि एक गोष्ट फारशी पालटलेली नाहीं. मुलांना शाळेची घाई, पुरुषमंडळींना कचेरीची घाई, वडीलधाऱ्यांना ठरल्या वेळीं जेवण्याची संवय. आणि या सर्वांचें झाल्यावर जें उरेल तें, जेव्हां सवड सांपडेल तेव्हां, बहुधा ओट्याशीं उभ्याउभ्यांच घरची गृहिणी खाते. जी बाहेर नोकरी करते तिचेंहि याहून फार निराळें नसतें; तिची घाई दुप्पट, एवढाच काय तो फरक. घरोघरची ही मागली पंगत मायेची खूण म्हणून वाखाणली जाते. परंतु त्या पंगतींत बसणारीला मधुमेह जडला म्हणजे हीच रीत तिच्या जिवावर कशी बेतते, हा या भाषणाचा मुख्य विषय आहे.

ज्वरासारख्या दुखण्याचा हिशेब सोपा असतो. ज्वर आला, औषध घेतलें, चार दिवस अंथरूण धरलें, ज्वर उतरला, मनुष्य कामाला लागला. मधुमेहाचा हिशेब तसा नाहीं. तो एकदां जडला कीं बहुधा जन्माचा सोबती होतो, आणि त्याचा उपचार दवाखान्यांत वर्षांतून चार-सहा वेळां, तर स्वयंपाकघरांत दिवसांतून तीन-चार वेळां व्हावा लागतो. डॉक्टर औषध लिहून देतात. तें औषध अन्नाशीं आणि अन्न घड्याळाशीं जुळविण्याचें काम घरांतच व्हावयाचें असतें. ज्या घरांत रोग्याच्या ताटाची वेळ ठरलेली नाहीं, तेथें उत्तमांतील उत्तम औषधहि लंगडें पडतें.

हा रोग आपल्याकडे नवा नाहीं. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हें प्राचीन वैद्यांनीं पाहिलें होतें. सुश्रुतानें तर प्रमेहाचे दोन भेद सांगितले आहेत: एक जन्मापासून बरोबर आलेला व दुसरा अपथ्यानें जडलेला, पहिल्याचा रोगी कृश असतो व दुसऱ्याचा स्थूल, असेंहि त्यानें नोंदवून ठेविलें आहे. आजचें वैद्यक ज्यांना पहिल्या व दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतें, त्यांच्याशीं ही विभागणी ढोबळ मानानें जुळते, हें नवल करण्याजोगें आहे. मात्र रोगाचें मूळ कोठें आहे, हें कळावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. जठराच्या मागें आडवें पसरलेलें जें स्वादुपिंड, त्यांतील पेशींचीं लहान लहान बेटें जर्मनीच्या पॉल लांगरहान्स यानें १८६९ सालीं पाहिलीं. पुढें १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मेरिंग व मिन्कोव्स्की यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तेव्हां त्या कुत्र्याला मधुमेह झाला. म्हणजे स्वादुपिंडांतून कांहींतरी द्रव्य रक्तांत उतरत असलें पाहिजे व त्याच्या अभावीं साखर सांचत असली पाहिजे, हें उघड झालें. अशा द्रव्यांना, रक्तांतून दूरच्या अवयवांपर्यंत निरोप पोंचविणाऱ्या या अंतःस्रावांना, हॉर्मोन हें नांव १९०५ सालीं स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञानें रूढ केलें. मराठींत त्यांना संप्रेरक म्हणतात.

तें द्रव्य हातीं लागलें कॅनडांतील टोरोंटो येथें. १९२१ च्या उन्हाळ्यांत फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शस्त्रवैद्य व चार्ल्स बेस्ट हा त्याचा विद्यार्थी-सहाय्यक, प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेंत कामाला लागले. ११ जानेवारी १९२२ रोजीं लिओनार्ड थॉम्पसन नांवाच्या १४ वर्षांच्या मुलाला त्यांच्या अर्काचें पहिलें इंजेक्शन दिलें गेलें. तें फारसें लागू पडलें नाहीं. जेम्स कॉलिप यानें तो अर्क अधिक शुद्ध केला, आणि २३ जानेवारीपासून दिलेल्या इंजेक्शनांनीं मुलाच्या रक्तांतील साखर झपाट्यानें उतरली. तो आणखी १३ वर्षें जगला. त्यापूर्वीं अशा मुलांवर एकच उपाय होता, तो म्हणजे त्यांना जवळजवळ उपाशी ठेवणें. मृत्यु कांहीं महिने पुढें ढकलला जाई, एवढेंच त्याचें फळ. बँटिंग व मॅक्लाउड यांना १९२३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनीं इन्शुलिनचे आपले हक्क विद्यापीठाला प्रत्येकीं एक डॉलर घेऊन देऊन टाकले, हीहि गोष्ट औषधांच्या आजच्या किंमती पाहतां आठवणींत ठेवण्याजोगी आहे.

पहिल्या प्रकारांत शरीर इन्शुलिन जवळजवळ करीतच नाहीं. तो बहुधा लहानपणीं किंवा तरुणपणीं दिसतो. दुसऱ्या प्रकारांत इन्शुलिन असतें, पण स्नायु व यकृत त्याचें ऐकेनासें होतात, आणि पुढें पुढें स्वादुपिंडहि थकतें. आपल्याकडील बहुसंख्य रोगी या दुसऱ्या प्रकारचे होत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें देशांत १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

“मी तर किडकिडीत, मला कसला मधुमेह,” असें म्हणणाऱ्या स्त्रिया व पुरुष घरोघर भेटतात. त्यांच्यासाठीं पुण्यांतील एक संशोधन मुद्दाम सांगण्यासारखें आहे. के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा त्यांच्या गरोदरपणापूर्वींपासून अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील बालकांपेक्षां तें पुष्कळच कमी. परंतु तीं बालकें स्नायूंनीं रोड असलीं तरी त्यांच्या त्वचेखालचा मेद मानानें राखलेला होता. अंगानें बारीक पण आंतून मेदस्वी, अशी ही घडण आईच्या पोटांतूनच येते. याच डॉक्टरांनीं २००४ सालीं आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याबरोबरचें छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत छापलें. उंचीच्या मानानें दोघांचेंहि वजन अगदीं सारखें. पण इंग्रजाच्या शरीरांत मेद ९ टक्के, तर पुणेकराच्या शरीरांत २१ टक्के! म्हणून आपल्या लोकांनीं वजनकांट्यापेक्षां कमरेला गुंडाळलेल्या फितीवर अधिक विश्वास ठेवावा हें बरें. स्त्रियांची कंबर ८० सेंटिमीटरांच्या व पुरुषांची ९० सेंटिमीटरांच्या पुढें गेली, कीं रक्त तपासण्यास तेवढें कारण पुरेसें आहे. रात्रभराच्या उपाशी पोटीं रक्तांत दर १०० मिलिलिटरला १२६ मिलिग्रॅम वा अधिक साखर निघाली व फिरून तपासतां तशीच आली, तर तो मधुमेह होय. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा.

आतां पुन्हां त्या ओट्याकडे वळावें. समजा, एका पन्नाशीच्या गृहिणीला डॉक्टरांनीं सकाळच्या खाण्याबरोबर घ्यावयाची गोळी दिली आहे. ग्लिमेपिराइड व तिच्या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास भाग पाडतात. पोटांत अन्न गेलें आहे कीं नाहीं, याची चौकशी त्या करीत नाहींत. बाई सात वाजतां गोळी घेते, वर घोटभर चहा घेते, आणि डबे भरूं लागते. मग सासूबाईंची आंघोळ, मग दूधवाला, मग पाण्याची वेळ. अकरा वाजतात तरी पोटांत अन्नाचा कण नाहीं. हात थरथरूं लागतात, दरदरून घाम येतो, छाती धडधडते, डोळ्यांपुढें अंधारी येते, आणि कोणी कांहीं बोललें तर ती अंगावर धांवून जाते. घरची मंडळी म्हणतात, हल्लीं हिचा स्वभावच चिडका झाला. वस्तुतः तो स्वभाव नव्हे. रक्तांतील साखर ७० च्या खालीं उतरली आहे. अशा वेळीं तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यांत विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटें थांबावें, मोजण्याचें यंत्र असल्यास मोजावें, साखर वर आली नसेल तर तेंच पुन्हां करावें, आणि मग पोळी-भाजी किंवा भाकरी असें कांहीं पोटांत घालावें. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडांत कांहींहि ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जातें. कुशीवर निजवून तत्काळ रुग्णालय गांठावें.

असा प्रसंग दोनदां आला कीं बाई काय करते? गोळीला भिते, व कोणाला न सांगतां ती सोडून देते. मग साखर उलट्या दिशेनें चढूं लागते; पण ती चढतांना थरथर नाहीं, घाम नाहीं, कसलीच आरोळी नाहीं. वर्षानुवर्षें ती मुकाट्यानें डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडें व पायांच्या नसा पोखरीत राहते. वास्तविक उपाय गोळी टाकण्यांत नसून डॉक्टरांना प्रसंग सांगून गोळी बदलून किंवा कमी करून घेण्यांत आहे. मेटफॉर्मिनसारखें औषध एकटें घेतल्यास साखर अशी एकाएकीं पाडीत नाहीं. तें वर्षानुवर्षें घेणाऱ्या शाकाहारी मंडळींनीं मात्र ब-१२ या जीवनसत्त्वाची तपासणी अधूनमधून करून घ्यावी, कारण तें या औषधानें कमी होऊं शकतें.

मागल्या पंगतीचा दुसरा दोष याहूनहि कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. शेवटीं जेवणारीच्या वांट्याला येतें तरी काय? उसळ आधींच संपलेली असते, भाजीचा तळ उरलेला असतो, कोशिंबीर मुलांनीं पुसून खाल्लेली असते. उरतो तो भात, दोन गार पोळ्या, आणि वर वरचें आमटीचें पाणी. शिवाय उरलेलें टाकवत नाहीं म्हणून मुलाच्या ताटांतला अर्धा मोदकहि तिच्याच पोटांत जातो. म्हणजे ज्या पदार्थांनीं साखर सावकाश चढावी ते इतरांच्या ताटांत, व ज्यांनीं झटकन् चढावी ते नेमके रोगिणीच्या ताटांत! तिनें पथ्य पाळलें नाहीं असें म्हणणें सोपें आहे; पथ्याचें अन्न तिच्यापर्यंत पोंचलेंच नाहीं, हें पाहणारा विरळा.

यावर तिच्यासाठीं निराळा स्वयंपाक करावा, असें सुचविणारे भेटतात. तें व्यवहारांत टिकत नाहीं, कारण तो निराळा स्वयंपाक करणार कोण? तीच. आणि स्वतःपुरतें कांहीं रांधण्याची तिला लाज वाटते. त्यापेक्षां सोपी गोष्ट अशी, कीं वाढणी सुरू होण्यापूर्वीं तिचें ताट आधीं वाढून झांकून ठेवावें, आणि गोळी-इन्शुलिनची वेळ असेल त्या वेळीं तिनें सर्वांबरोबर, किंबहुना सर्वांच्या आधीं, बसावें. ताटाचा अर्धा भाग भाजी व कोशिंबीर, पाव भाग घट्ट वरण, उसळ, अंडें किंवा मासळी, आणि उरलेल्या पाव भागांत भाकरी, पोळी किंवा भात. हेंच ताट घरांतील इतरांनाहि उत्तम आहे. मधुमेह्याचें म्हणून त्यांत निराळें कांहीं नाहीं. ज्वारीची भाकरी चांगली खरी, पण चांगली म्हणून चार खाल्ल्या तर साखर चढणारच. जेवणानंतर आडवें होण्याऐवजीं दहा-पंधरा मिनिटें चालणें, आणि एकंदरींत आठवड्याला दीडशें मिनिटें दमसांस लागेल असें चालणें, हें फार उपयोगी पडतें. घरकामांत दिवसभर उभें राहणें म्हणजे चालणें नव्हे, हें येथें सांगून टाकलेलें बरें.

उपवासांचा विषय नाजूक आहे, पण तो टाळून चालणार नाहीं. चतुर्थी, एकादशी, सोमवार, नवरात्र, हरितालिका. कित्येक घरांत महिन्यांतून आठ-दहा दिवस गृहिणीचा उपवास असतो. त्यांत घडतें असें कीं सकाळ कोरडी जाते, औषध मात्र घेतलें जातें, आणि दुपारीं साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी व वर केळें अशी चंगळ होते. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. १०० ग्रॅमांत ८५ ग्रॅमांहून अधिक पिष्ट, व प्रथिनें जवळजवळ नाहींतच. सकाळीं साखर पडते व दुपारीं उसळते. एका दिवसांत दोन्हीं संकटें. व्रत सोडाच, असें कोणा श्रद्धाळू बाईला सांगण्यांत अर्थ नाहीं. ती सोडणार नाहीं, फक्त डॉक्टरांपासून लपवील. तिला हें विचारावें कीं उपवासांत ताक, दही, दूध, भिजविलेले किंवा भाजलेले शेंगदाणे, काकडी, राजगिऱ्याची एखादी भाकरी, भोपळ्याची भाजी यांवर दिवस निभावतां येईल कीं नाहीं. बहुतेकींना येतो. निर्जळी उपवासाची गोष्ट निराळी. जिला इन्शुलिन किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्या चालूं आहेत, किंवा जी गरोदर आहे, तिनें तो करूं नयेच; आणि औषधाची मात्रा उपवासाच्या दिवशीं किती घ्यावयाची हें आधीं विचारून ठेवावें. आजारी माणसाला व्रतांतून सूट देण्याची रीत आपल्या घरांतल्या आज्यांनाहि ठाऊक होती.

लोकसमजुतींची यादी करूं म्हटल्यास भाषण पुरणार नाहीं. गूळ चालतो, मध चालतो, साखर तेवढी चालत नाहीं, ही त्यांतली सर्वांत गोड समजूत. रक्ताच्या दृष्टीनें तिन्हींत फरक फार थोडा. कारल्याचा रस व मेथ्या आवडत असतील तर खुशाल घ्याव्या. पण त्यांच्या भरंवशावर औषध बंद करणें धोक्याचें आहे. इन्शुलिनची संवय लागते, हा आक्षेप तर पाण्याची संवय लागते म्हणण्यासारखा आहे. तें पोटांतून देतां येत नाहीं याचें कारण एवढेंच कीं तें प्रथिन असल्यामुळें जठरांत पचून जातें. लघवी तपासून समाधान मानण्याचे दिवसहि मागें पडले. पूर्वीं परीक्षानळींत बेनेडिक्टचें द्रावण उकळून त्याचा निळा रंग हिरवा, पिवळा कीं विटकरी होतो हें पाहत असत. पण रक्तांतील साखर साधारण १८० च्या वर गेल्यावांचून ती लघवींत उतरतच नाहीं, तेव्हां तो निळा रंग पुष्कळदां फसवा ठरे. आतां बोटाच्या थेंबावर घरींच साखर मोजतां येते, आणि एचबीए१सी नांवाच्या तपासणीनें मागील तीन महिन्यांची सरासरी कळते. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशीं घर आवरावें, तसें तपासणीपूर्वीं दोन दिवस पथ्य करण्याची युक्ति या तपासणीपुढें चालत नाहीं.

थकव्याच्या आणखी एका कारणाकडे असेंच दुर्लक्ष होतें. गळ्याशीं असलेली थायरॉईड ग्रंथि मंदावली कीं अंग जड होणें, बद्धकोष्ठ, थंडी न सोसणें, केस गळणें, त्वचा कोरडी पडणें, पाळीला जास्त रक्त जाणें अशीं लक्षणें दिसतात; आणि कामाचा ताण, वय झालें, असें म्हणून तीं सोडून दिलीं जातात. एका साध्या रक्ततपासणीनें निदान होतें. उपचारहि साधा, रोज एक गोळी. पण येथेंहि घड्याळ आडवें येतें. ही गोळी उपाशी पोटीं साध्या पाण्याबरोबर घ्यावी, त्यानंतर अर्धा ते एक तास चहा नाहीं, आणि लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या चार तास दूर. आतां घरांत पहिला चहा करणारी व पहिला चहा घेणारी तीच. म्हणून गोळी स्वयंपाकघरांत न ठेवतां उशाशीं ठेवावी, जाग येतांच घ्यावी, आणि त्या दिवशींच्या पहिल्या चहाची जबाबदारी दुसऱ्या कोणी उचलावी. डोंगराळ भागांत गलगंडाचें मोठें कारण आयोडिनचा अभाव हें होतें. हिमाचलांतील कांग्रा खोऱ्यांत १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनीं केलेल्या प्रयोगानें आयोडिनयुक्त मिठाचा गुण सिद्ध झाला, व १९६२ सालीं सरकारनें देशाचा कार्यक्रम आंखला. सैंधव हेंच शुद्ध मीठ म्हणून साधें आयोडिनयुक्त मीठ टाकून देणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

तरुण मुलींत पाळी दोन-दोन महिने लांबणें, हनुवटीवर केस, चेहऱ्यावर मुरूम, असा जो विकार हल्लीं वारंवार आढळतो, त्याचें वर्णन शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थल यांनीं १९३५ सालींच केलें होतें. त्याचें इन्शुलिनशीं नातें आहे, व पुढें मधुमेह होण्याचा संभव त्या मुलींना अधिक असतो. लग्न झालें कीं आपोआप बरें होईल, हें त्यावरचें औषध नव्हे. पाळी जाण्याच्या वयांतल्या मधुमेही स्त्रीची अडचण आणखी निराळी: अंगांतून वाफा निघून घाम फुटतो, तो वयाचा कीं साखर पडल्याचा, हें तिला स्वतःलाहि उमगत नाहीं. अंदाज बांधीत बसण्यापेक्षां यंत्रावर मोजावें.

गरोदरपणींच मधुमेह प्रथम दिसला, तर बाळंतपणानंतर तो बहुधा मावळतो, आणि तेथेंच घात होतो. बाळाचें बारसें, डिंकाचे लाडू, पाहुणे यांच्या गर्दींत आईची सहा आठवड्यांनीं व्हावयाची तपासणी राहून जाते. अशा स्त्रियांना पुढें कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो. त्यांनीं ती एक तपासणी करून थांबूं नये, पुढेंहि नियमानें रक्त तपासून घ्यावें.

सर्वांत अवघड स्थिति पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुलीची. तिचें इन्शुलिन एक दिवसहि बंद पडून चालत नाहीं. ताप येऊन जेवण गेलें तरी नाहीं. तें बंद पडलें कीं शरीर मेद जाळूं लागतें, रक्त आम्ल होतें, ओकाऱ्या, पोटदुखी, खोल धापा लागणारा श्वास, श्वासाला पिकल्या फळासारखा वास, आणि मग बेशुद्धि. तासांचा प्रश्न असतो, दिवसांचा नाहीं. असें असतां कित्येक आईबाप स्थळाच्या भीतीनें मुलीचा रोग लपवितात. मुलगी सासरीं जाते, सुई कोठें लपवावी हें तिला कळत नाहीं, न्हाणीघरांत दार लावून ती कशीबशी टोंचून घेते, आणि एखाद्या सणावारीं तेंहि जमत नाहीं. जें लपवून लग्न जुळतें तें लपवूनच मुलीला जगावें लागतें. इन्शुलिनवर असलेल्या स्त्रिया शिकतात, नोकऱ्या करतात, आणि वैद्यांच्या देखरेखीखालीं निरोगी मुलांना जन्म देतात. हें सोयरिकीच्या बैठकींत मोकळेपणानें सांगण्याचें धैर्य मुलीच्या बापानें केलें पाहिजे. न उघडलेल्या कुप्या शीतपेटींत ठेवाव्या, पण बर्फाच्या कप्प्यांत नव्हे. गोठलेलें इन्शुलिन वाया जातें. शीतपेटी नसेल तेथें ओल्या फडक्यानें गुंडाळलेलें पाण्याचें मातीचें भांडें कामीं येतें. उघडलेली कुपी सावलींत साधारण चार आठवडे टिकते.

शेवटीं पायांविषयीं. मधुमेहानें नसा बधिर झाल्या कीं कांटा रुतलेला कळत नाहीं, चटका बसलेला कळत नाहीं. जखम वेदनेवांचून चिघळते आणि प्रकरण पाय कापण्यापर्यंत जातें. आषाढींत आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंतची वाट चालणाऱ्या वारकऱ्यांत मधुमेही मंडळी असतातच. त्यांनीं अनवाणी चालण्याचा हट्ट धरूं नये, नवी पादत्राणें वाटेवरच प्रथम घालूं नयेत, आणि गोळ्या-इन्शुलिनसह साखरेची पुडी पडशींत ठेवावी. उन्हानें तापलेल्या फरशीवरून अनवाणी घातलेली देवळाची प्रदक्षिणाहि बधिर तळव्यांना महागांत पडते. घरच्या गृहिणीनें रोज रात्रीं सर्व आवरल्यावर पाय कोमट पाण्यानें धुवावे. पाण्याचा चटका पायानें न पाहतां कोपरानें पाहावा. बोटांमधील बेचक्या कोरड्या कराव्या, तेथें तेल राहूं देऊं नये, नखें सरळ कापावीं, कुरूप स्वतः कापूं नये. तळवे वांकून दिसत नसतील तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावे. आणि नजर मंद झाली असेल तर घरांतील एखाद्या नातवंडाला जवळ बसवून, लाल डाग, फोड किंवा भेग कोठें दिसते का, तें त्याच्याकडून रोज पाहून घ्यावें.